बावीस महिन्यांचा मुलगा अजून बोलत नाही. वाट पाहावी का?

प्रश्न (आई, सातारा जिल्हा):
माझा मुलगा २२ महिन्यांचा आहे. तो ३४व्या आठवड्यात जन्मला आणि १५व्या महिन्यात चालू लागला. जेवणखाण व झोप व्यवस्थित आहे, मात्र ‘आई’ आणि ‘बू’ यांखेरीज तो काहीही बोलत नाही. पाणी हवे असले की बोट दाखवत नाही, माझे मनगट धरून मला माठापर्यंत ओढत नेतो. सासूबाई म्हणतात, “याचे बाबाही तिसऱ्या वर्षीच बोलू लागले.” तसेच असावे असे मलाही वाटते, पण मन स्वस्थ बसत नाही.

प्रतिसाद (वाक् उपचारतज्ज्ञ):
वाट पाहू नका. अकाली जन्मलेल्या बाळाचे वय दोन वर्षांपर्यंत दुरुस्त करून मोजतात, म्हणजे चाळीस आठवड्यांच्या जितके आठवडे आधी ते जन्मले तितके वजा करतात. सहा आठवडे वजा केले तरी तो साडेवीस महिन्यांचा ठरतो. त्याचे चालणे वेळेवरच आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखानुसार निरोगी मुले साधारण ८ ते १८ महिन्यांदरम्यान केव्हाही स्वतंत्रपणे चालू लागतात. मला शब्दसंख्येपेक्षा बोट न दाखवणे अधिक महत्त्वाचे वाटते. कावळा दिसला की मूल आधी कावळ्याकडे बोट करते आणि मग आपण पाहिले का, हे ताडण्यासाठी वळून आपल्या तोंडाकडे पाहते; बोलण्याचा पाया तिथे असतो. हे दिसत नसेल, तर स्वमग्नतेच्या (ऑटिझमच्या) दृष्टीनेही चाचणी करून घ्यावी. चाचणी म्हणजे निदान नव्हे.

प्रतिसाद (एका मुलीचे वडील):
सर्वांत आधी कान तपासा. भांडे पडले की आमची मुलगी दचकायची, म्हणून तिला ऐकू येते असे आम्ही धरून चाललो आणि आठ महिने गमावले. ‘बेरा’ या, आवाजाला मेंदूकडून मिळणारा प्रतिसाद मोजणाऱ्या श्रवण तपासणीत कळले की तिला मोठे आवाज ऐकू येतात, बोलण्यातले ‘स’, ‘फ’सारखे बारीक आवाज मात्र येत नाहीत. आता तिच्या कानाला यंत्र आहे, आणि परवा तिने ‘साय’ मागितली.

प्रतिसाद (अंगणवाडी सेविका):
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, पण ताई, आपण पथकासाठी थांबू नका. जिल्हा रुग्णालयातील डीईआयसी (मुलांच्या वाढीतील अडचणींवर लवकर उपचार करणारे जिल्हा केंद्र) विभागात थेट चौकशी करा. या कार्यक्रमात तपासणी मोफत असते. जन्माच्या वेळची कागदपत्रे सोबत न्या.

प्रश्नकर्ती:
आज संध्याकाळी पाहिले. मागून हळू हाक मारली तेव्हा तो वळला नाही. खिडकीतली मांजर दाखवली, तर माझ्या बोटाच्या टोकाकडेच पाहत राहिला. सोमवारी आम्ही जात आहोत. सासूबाईही बरोबर येणार आहेत.