प्रतिसाद: भुईकोटाच्या पेन्सिल-दृश्यात रेषा घसरतात
सोलापूरच्या भुईकोट किल्ल्याच्या पेन्सिल-शैलीतल्या व्हीआर दृश्यात मान वळवली की रेषा बुरुजावरून घसरतात, डोळे शिणतात, असं वर विचारलंय. कारण शेडिंग (छटेच्या रेषा) किल्ल्याच्या नव्हे, पडद्याच्या मापाने केलंय. दोन्ही डोळ्यांना रेषा एकाच जागी उमटतात. त्या काचेवर ओढल्यासारख्या दिसतात आणि दगड त्यामागे राहतो.

रेषा मॉडेलच्या यूव्हीवर (पृष्ठभागावर चित्र कुठे बसेल ते ठरवणाऱ्या निर्देशांकांवर) बसवा. प्राउन, हॉपे आदी ग्राफिक्स संशोधकांची २००१ सालची पद्धत इथे चपखल आहे: फिकट ते गडद ६ छटा, गडद छटेत फिकटीच्या सगळ्या रेषा जशाच्या तशा. आरजीबी टेक्श्चरमध्ये (पृष्ठभागावर चढवायच्या चित्रात) लाल, हिरवा, निळा असे तीन थर असतात, म्हणून सहाही छटा अशा दोन टेक्श्चरमध्ये मावतात. मिपमॅप (लांबून बघताना वापरायच्या टेक्श्चरच्या लहान-लहान प्रती) मात्र आपोआप बनवू देऊ नका, लांबचा तट नुसता राखाडी होतो. प्रत्येक पातळीला रेषेची जाडी पिक्सेलमध्ये तेवढीच ठेवून पुन्हा रेषा भरा.

९० हर्ट्झला (सेकंदाला ९० फ्रेम) फ्रेममागे जेमतेम ११ मिलीसेकंद मिळतात, तेवढ्यात हे आरामात बसायला हवं.