डाळिंबाच्या गुटी कलमांची पानं वळतायत. फुलकिडे (थ्रिप्स, रस शोषणारी बारीक कीड) की मुळं कमी?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. घरच्याच एका भगवा जातीच्या डाळिंबाच्या झाडावर पावसाळ्यात गुट्या बांधल्या (फांदी झाडावरच असताना तिला मुळं फोडायची कलमाची पद्धत), मुळं फुटल्यावर पिशव्यांत लावल्या. आता ६० पैकी २० रोपांची कोवळी पानं कडांनी वर वळून होडीसारखी झालीत, टोकं करपलेली. जुनी पानं ठीक. मूळ झाडही ठणठणीत, त्यामुळे दुखणं तिथून आलं असं वाटत नाही.

पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर पिवळसर बारीक किडे पळाले. फुलकिडेच ना? पण शेडनेटच्या कडेची, ऊन लागणारी रोपंच जास्त वळलीत, म्हणून मुळं कमी असल्यानं पाणी पुरत नाही की काय, अशीही शंका येते. निंबोळी अर्क एकदा फवारला, फरक नाही. दुकानदार तीन औषधं एकत्र मारा म्हणतो (त्याचं काय जातंय!). एखादी पिशवी फाडून मुळं बघू का आधी?