‘मिनट्स तू घे गं’: तुमच्या टीममध्ये कामं कशी वाटली जातात?

आमच्या टीममध्ये नऊ जण, त्यात बायका दोन. मीटिंग सुरू झाली की मॅनेजरची मान आपोआप माझ्याकडे वळते. “मिनट्स तू घे गं, तुझं नीटनेटकं असतं.” वाढदिवसाचा केक, नव्या पोरांना शिकवणं, तेही माझ्याकडेच. क्लायंटचा डेमो मात्र दुसऱ्याकडे. मग अप्रेझलला ऐकायचं, “व्हिजिबिलिटी कमी पडली.” तुमच्याकडे काय चालतं? पुरुषांनीही लिहा.

*

जिल्हा परिषदेची शाळा. तपासणीला साहेब येणार म्हटलं की रांगोळी, औक्षण, चहा-पोहे आम्हा तिघींवर. माइक आणि हार गुरुजींकडे. तालुक्याच्या प्रशिक्षणालाही तेच जाणार, का तर “मॅडम, तुम्हाला लांब पडेल.” मी रोज तीस किलोमीटर स्कूटीने येते! एका वर्षी रांगोळीला नाही म्हटलं. मग एका गुरुजींनी खडूने ‘सुस्वागतम्’ काढलं. बरं आलं होतं की.

*

आमच्याकडे उलटं. रात्रीचं डिप्लॉयमेंट, म्हणजे नवं सॉफ्टवेअर चालू करून देणं, कायम मुलांच्या गळ्यात. मुलींसाठी गाडी आणि सोबत द्यावी लागते, म्हणून त्यांना कुणी विचारतच नाही. मी जाम कुरकुरायचो. प्रमोशनला नेमक्या त्याच रात्री मोजल्या जातात हे कळलं आणि गप्प बसलो. खोटं कशाला बोलू?

*

अमेरिकन अर्थतज्ज्ञ लिंडा बॅबकॉक आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली यावरच प्रयोग छापले आहेत. बढतीला उपयोग नसलेलं काम मिश्र गटात बायका पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा स्वतःहून अंगावर घेतात. गटात नुसते पुरुष असले की त्यांच्यातलाच कुणीतरी ते उचलतो. म्हणजे जमत नाही, हा भाग नाही.

*

माझे आईवडील ऊसतोडीला जायचे. तिथं नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे दोघं मिळून एकच मजूर धरायचे. वडील तोडायचे, आई मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवायची आणि पहाटे सगळ्यांच्या आधी उठून भाकरीही थापायची. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, मात्र मुकादम वडिलांच्या हातात ठेवायचा. मी पतसंस्थेत कारकून आहे. चार कारकुनांत चहा सांगायला मलाच उठवतात, हे आईला सांगितलं तर म्हणाली, “मोळी तर नाही ना उचलावी लागत?” यावर काय बोलणार!

*

रांगोळीवाल्या मॅडम, पुढच्या वर्षी काय झालं?

*

फ्लेक्स आला. चहा अजून आम्हीच करतो.