'थंड खांदा' आणि इतर अडचणी: सबटायटलसाठी मदत हवी

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. मी नाशिकला घरी बसून सबटायटलचं काम करते. सध्या एका इंग्लिश कौटुंबिक मालिकेचे सहा भाग हातात आहेत (नाव विचारू नका, करारात बंदी आहे). वडील वारलेत. दोघी बहिणी, त्यातली धाकटी कैक वर्षांनी घरी येते ती थेट अंत्यविधीलाच. रात्री नवऱ्याला फोनवर सांगते, "शी गेव्ह मी द कोल्ड शोल्डर." म्हणजे मोठी तिच्याशी कोरडेपणाने वागली, जवळ केलं नाही.

आमच्याकडे आधी यंत्राने केलेला कच्चा मसुदा येतो, तो आपण सुधारायचा. मसुद्यात होतं: "तिने मला थंड खांदा दिला."

आता बघा, दोनच मिनिटांपूर्वी चौघेजण शवपेटी खांद्यावरून नेताना दाखवलेत. त्यावर हे वाक्य! हसताना माझा चहा की-बोर्डवर सांडला. सासूबाई शेजारी मटार सोलत होत्या, त्यांना वाचून दाखवलं. त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "बाईने खांदा दिला? आणि ही अजून फोनवर बोलतेय?"

हसणं बाजूला ठेवू, पण मला खरंच सुचत नाहीये. "अबोला धरला" लिहिलं, खोडलं. मोठीने तिला "चहा घेणार का" विचारलंय, म्हणजे बोलणं बंद नाही. शिवाय अबोल्यात एक हक्क असतो, समोरच्याने येऊन समजूत काढावी अशी आशा असते. इथे ती नाही. "रुसली" तर फारच गोड झालं. "फटकून वागली" जवळचं आहे, पण रडत रडत फोनवर कोण असं बोलतं? ओळीत ४२ अक्षरखुणा, वाक्य पडद्यावर जेमतेम दोन सेकंद. तळटीप वगैरे चैन नाही.

यादीत अजून आहेत: हार्ट ऑन हर स्लीव्ह (काळीज बाहीवर, म्हणजे मनातलं उघड दिसणं), अ‍ॅपल ऑफ हिज आय (त्याचं सगळ्यात लाडकं माणूस), थर्ड व्हील (जोडप्यात नकोसा तिसरा), टाय द नॉट (लग्न करणं), आणि पाचव्या भागात ब्लड इज थिकर दॅन वॉटर (रक्त पाण्याहून दाट, म्हणजे रक्ताचं नातं परक्यांपेक्षा घट्ट). जे सुचेल ते सांगा. सोमवारी द्यायचंय.

रिकामटेकडा:
थंड खांदा. हहपुवा (हसून हसून पुरेवाट). थर्ड व्हीलबद्दल एवढंच सांगतो की आख्खा महाराष्ट्र तीन चाकांच्या रिक्षात बसून कामाला जातो. तिसरं चाक इथे बिनकामाचं कधी नव्हतंच. आम्ही कॉलेजात अशा माणसाला "शेपूट" म्हणायचो. "ते शेपूट कशाला आणलंस सोबत?" वापरून बघा.

निवृत्त_मास्तर:
सुईदोराताई, एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यातली निम्मी वर्षं एक चूक शिकवली, ती आधी कबूल करतो. कोल्ड शोल्डर म्हणजे नकोशा पाहुण्याला मटणाचा थंडगार खांदा वाढायचा, अशी गोष्ट मी वर्गात रंगवून सांगायचो. पोरं खूश. पुढे वॉल्टर स्कॉटची 'द अँटिक्वेरी' ही १८१६ची कादंबरी वाचताना तो प्रयोग भेटला. तिथे एका काउंटेसची नाराजी आधी फक्त थंड खांदा "दाखवण्यापुरती" होती, असं स्कॉटिश बोलीत म्हटलंय. ताट नाही, मटण नाही, वाढणं नाही. खांदा दाखवला म्हणजे अंग वळवलं, बस. म्हणजे आपलं "पाठ फिरवणं" याच्या फार लांब नाही. पण आपण पाठ फिरवतो ती संकटात, ती इथे चालणार नाही.

स्लीव्हचं सांगतो. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकाच्या पहिल्याच प्रवेशात इयागोच्या तोंडी ते आहे. तो म्हणतो, मनातलं बाहेर दाखवणं म्हणजे काळीज बाहीवर लावून कावळ्याच्या जातीच्या पाखरांना टोचायला देणं. म्हणजे पोटात एक ओठात एक असलेला माणूस हे बोलतो! आजचे इंग्रज ते कौतुकाने बोलतात, पण त्यातली टोचून घेण्याची धास्ती गेलेली नाही. "मोकळ्या मनाची आहे" लिहिलंत तर ती धास्ती निसटते. मी "तिला काही लपवता येत नाही" असं लिहीन.

रक्ताच्या म्हणीवर एक इशारा. नेटवर सगळीकडे फिरतं की मूळ म्हण उलटी होती, शपथेचं रक्त गर्भाच्या पाण्याहून दाट वगैरे. जुन्या छापील पुराव्यात ते काही सापडत नाही. स्कॉटच्याच १८१५च्या 'गाय मॅनरिंग'मध्ये ही म्हण सरळ, नात्याच्याच अर्थाने येते. नातेवाईक बाईच्या मृत्युपत्रात एका शेतकऱ्याला काही मिळत नाही. तेव्हा तो म्हणतो की रक्त पाण्याहून दाटच, मी धाडलेलं चीज आणि हॅम तिला लखलाभ. भाऊबंदकीत एवढं मोठं मन आमच्या तालुक्यात तरी पाहिलं नाही.

लीड्सकर:
इथे इंग्लंडात राहून वीस वर्षं होत आली. शेजारच्या सत्तरीच्या आजी थर्ड व्हील म्हणत नाहीत, त्या "प्लेइंग गूजबेरी" म्हणतात. ते पात्र वयस्कर असेल तर पुढच्या भागात हेही येईल, तयारीत राहा. यंत्र त्याचा आवळा करेल!

अ‍ॅपलबद्दल: त्या सफरचंदाचा फळाशी संबंध नाही. जुन्या इंग्रजीत डोळ्याच्या मधल्या काळ्या गोलालाच अ‍ॅपल म्हणत. आपण त्याला बाहुली म्हणतो, आणि लॅटिनमध्येही त्याचं नाव छोटी बाहुली असंच आहे. कुणाच्या डोळ्यात अगदी जवळून पाहिलं की आपण एवढेसे दिसतो, त्यावरून. माझी लेक तान्ही असताना दूध पाजता पाजता मी तासन् तास ती बाहुली बघत बसायचे. पण वाक्यात बाहुली टाकू नका, वाचणाऱ्याला खेळणं दिसेल. आपल्याकडे "गळ्यातला ताईत" आहेच.

निवृत्त_मास्तर:
लीड्सकर, ताईत छान. पण इंग्रज म्हाताऱ्याच्या गळ्यात ताईत बांधायचा का, हा प्रश्न उरतो.

रिकामटेकडा:
आणि ताईत कोण, मोठी ताईच ना? ताई ताईत. टंग ट्विस्टर.

सुईदोरा:
मंडळी, दंडवत. काय झालं ते सांगते.

ताईत काढला. "बाबांचा सगळा जीव तिच्यात" असं केलं, धाकटीच्या तोंडी जरा कडू लागतं, तसंच हवं होतं. टाय द नॉटला फार डोकं लावलं नाही, "लग्न केलं" लिहिलं. "गाठ" आणणार होते, पण मोठी ज्या सुरात ते म्हणते त्यात ते "गाठ माझ्याशी आहे"च्या अंगाने जायला लागलं. शेपूट ठेवलं. मास्तर, लपवण्याचं वाक्य जसंच्या तसं उचललं.

थंड खांद्याचं उत्तर कामवाल्या मावशींकडून आलं. त्या फरशी पुसता पुसता भावजयीबद्दल सांगत होत्या, "चहा दिला, पाणी दिलं, सगळं केलं. पण परक्यासारखं केलं." मी तिथेच टाइप केलं: "तिने मला परक्यासारखं वागवलं." चहा विचारलेला आहेच, तोही बसला.

मग पाचव्या भागात रक्त आलं तेव्हा हा "परकी" शब्द कामाला आला. तिथे मोठी दारात उभी राहून, धाकटीची बॅग हातातून घेत ती म्हण म्हणते. मी लिहिलं, "तू काय परकी आहेस का?" म्हण गेली, पण पहिल्या भागातलं वाक्य परत आलं. तपासणाऱ्या बाईंनी समासात प्रश्नचिन्ह टाकलंय, मूळ म्हण कुठे गेली म्हणून. भांडणार आहे.

सासूबाईंना तो प्रसंग दाखवला. त्या म्हणाल्या, "हो ना, काठी मारल्याने पाणी दुभंगतं का?" आणि मी बघतच राहिले. इंग्रजांच्या म्हणीत पाणी म्हणजे परके लोक, आणि आपल्या म्हणीत तेच पाणी म्हणजे सख्खी भावंडं. अक्षरखुणा मोजल्या, मावत होती. तरी टाकली नाही, दारात बॅग घेऊन उभी असलेली बाई एवढं लांबलचक बोलणार नाही.

लीड्सकर, चौथ्या भागात गूजबेरी आली. यंत्राने आवळा नाही, "रायआवळा" केलाय.