मंडळीसाठी वेबसाइट की व्हॉट्सॲप?

पाळकसाहेब, चर्चची मंडळी जोडून ठेवायला वेबसाइट की व्हॉट्सॲप, असं तुम्ही विचारलंत. मी व्हॉट्सॲप कम्युनिटी, म्हणजे एका छत्राखाली अनेक गट, असं म्हणेन. व्हॉट्सॲपच्याच ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायची सोय) २५६ जणच मावतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. कम्युनिटीत तरुण संघ, महिला मंडळ, संडे स्कूल यांचे गट वेगळे राहतात. विरार-बदलापूरहून दादरला उपासनेला येणाऱ्यांना लोकलच्या मेगाब्लॉकच्या रविवारी 'आज अर्धा तास उशिरा सुरू करतोय' एवढा निरोपही फार मोलाचा. मात्र प्रार्थना विनंत्या जपून हाताळा. आजाऱ्याचं नाव, हॉस्पिटलचा वॉर्ड किंवा आजाराचं निदान घरच्यांना विचारल्याशिवाय गटात टाकूच नये. तिथून ते कुठवर फॉरवर्ड होईल सांगता येत नाही. आणि साधा फोन वापरणाऱ्या आजी-आजोबांना शनिवारी तुम्ही स्वतः फोन करा.