आईसाठी लॅपटॉपवर तीन जुळवायचा फुकट गेम हवाय, के-डायमंड कसा आहे?

कर्वेनगरची_मधुरा:
मंडळी, के-डायमंड कोणी खेळलंय का? आईसाठी विचारतेय. तिला मोबाईलवर कँडी क्रशची सवय झालीये पण स्क्रीन एवढीशी, डोळे दुखतात, आणि पाच लाइफ संपल्या की एक परत यायला अर्धा तास लागतो, मग हातातलं काम टाकून ती सारखी "आली का गं" म्हणून बघत बसते. घरात जुना लॅपटॉप पडून होता, तापकीर गल्लीतून त्याची रॅम वाढवून आणली, भाच्याने लिनक्स मिंट (विंडोजसारखीच पण फुकट सिस्टिम) टाकून दिलं, आता मस्त चालतोय. गेम फुकट हवा, जाहिराती नकोत आणि नेट नसताना चालायला हवा, कारण आमच्याकडे गुरुवारी लाईट गेली की वायफाय पण जातं आणि नेमकी तीच तिची निवांत वेळ असते. मिंटच्या सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये, म्हणजे जिथून प्रोग्रॅम टाकतात तिथे, हा दिसला. पण घड्याळ लावून खेळायचा आहे असं वाचलं, आणि आईला कोणी घाई केली की ती सरळ उठून जाते. त्यात बाबांचं म्हणणं की असल्या खेळात डोकं लागत नाही, त्यापेक्षा पेपरातलं शब्दकोडं सोडव. खेळलेल्यांनी नीट सांगा प्लीज.

धायरीचा_दादा:
मधुराताई, बिनधास्त टाका. आमच्या घरी हा रोज चालतो त्यामुळे अनुभवावरून सांगतो. घड्याळाचं आधी, कारण तोच तुमचा खरा प्रश्न आहे. वेळेवर खेळायचा प्रकार आहे, त्यात जुळणी केली की थोडे सेकंद वाढून मिळतात, पण मेनूमध्ये वेळेशिवाय खेळायचाही पर्याय आहे, तो निवडला की घड्याळ गायब आणि चाली शिल्लक आहेत तोवर खेळ चालू. आई चहा टाकून आल्या तरी पट जसाच्या तसा. माझ्या मते हा गेम घेण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच, कारण बऱ्याच फुकट गेममध्ये पैशाऐवजी तुम्हाला थांबायला लावतात आणि इथे तसं काहीच नाही, लाइफ नाही, नाणी नाहीत, "मित्राला बोलवा" नाही.

आता जे नाही तेही सांगतो. कँडी क्रशमध्ये चार जुळवले की पट्ट्यापट्ट्यांची गोळी मिळते, पाच सरळ जुळवले की सगळा एक रंग उडवणारा बॉम्ब मिळतो, तसलं इथे काहीही नाही. चार जुळवा नाहीतर पाच, हिरे जातात आणि वरचे खाली येतात, एवढंच. लेव्हल नाहीत, गोष्ट नाही, गावोगाव पुढे सरकणं नाही. त्याची सवय असलेल्याला पहिले काही दिवस सपक वाटेल हे मी प्रामाणिकपणे सांगतो, आमच्या हिलाही वाटलं होतं, आता तीच मला लॅपटॉपवरून उठवते.

आणि "सोपा"पासूनच सुरुवात करा. सोप्यात पट मोठा असतो आणि रंग कमी, म्हणून जुळण्या पटापट सापडतात. अवघडकडे गेलं की पट लहान होतो आणि वरच्या पातळ्यांना रंगही वाढतात, तेव्हा चाल शोधायला डोळे ताणावे लागतात. अडलं तर मेनूत हिंट आहे. एक लक्षात ठेवा, हा केडीईवाल्यांचा गेम आहे (केडीई म्हणजे लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) आणि मिंटवर नेहमी दुसरा डेस्कटॉप असतो, त्यामुळे पहिल्यांदा टाकताना गेमसोबत त्याला लागणाऱ्या केडीईच्या फाइली, म्हणजे लायब्ररीही उतरतात, डाउनलोड बघून दचकू नका. एकदा टाकला की नेट लागत नाही.

सोंगटी_सदाशिव:
बाबांना माझा नमस्कार सांगा आणि हेही सांगा की या खेळात डोकं लागतं 🙂 जेवढं घालाल तेवढं लागतं. तीन सारखे जुळवायची कल्पना १९९४ सालच्या शारिकी नावाच्या रशियन गेमची, डॉसवर चालायचा, मग २००१ मध्ये बिज्वेल्ड आला आणि २०१२ मध्ये कँडी क्रश. २०१४ मध्ये संगणकशास्त्रातल्या लोकांनी रीतसर सिद्ध केलं की पट पूर्ण समोर असला तरी ठरलेल्या चालींत अमुक इतके गुण मिळतील का हे शोधणं एनपी-हार्ड आहे, म्हणजे पट मोठा होत गेला तर प्रत्येक वेळी झटपट बरोबर उत्तर देईल अशी कुठलीही पद्धत आजवर कोणाला सापडलेली नाही. हे काय बिनडोक खेळाचं लक्षण नाही.

आईंना एक गोष्ट नक्की दाखवा. खालच्या ओळीत जुळणी केली की वरचा अख्खा रकाना सरकतो, त्यात आपोआप आणखी जुळण्या होतात आणि फुकटचे गुण मिळतात. पण नवीन काय पडणार ते दिसत नाही, त्यामुळे मनात रचून ठेवलेली पुढची चाल मोडू शकते. वरच्या बाजूला जुळवलं तर खालचा पट तसाच राहतो. घड्याळ लावून खेळताना मी खालूनच खेळतो. बिनघड्याळी खेळात मात्र चाली संपल्या की खेळ संपतो, म्हणून पटावर दोन-तीनच चाली उरल्यासारख्या वाटल्या की पटकन दिसली ती चाल न करता आधी बघायचं, हिने बाकीच्या चाली मरतात का? नुसतं एवढं बघायला लागलं तरी खेळ लांबतो आणि मजा दुप्पट होते, खरंच सांगतो.

पौड_रोड_७७:
एकच विनंती, गेम सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. गुगलवर "फ्री मॅच थ्री गेम डाउनलोड" टाकलं की ज्या साइट येतात त्यातल्या एकीवरून माझ्या शेजाऱ्यांनी विंडोजवर एक गेम घेतला, सोबत टूलबार आला, ब्राउझरचं होमपेज बदललं आणि गेम तासाभराने पैसे मागायला लागला. ते सगळं साफ करायला मी त्यांच्याकडे रात्री उशिरापर्यंत बसलो होतो. वयस्कर माणसं "नेक्स्ट नेक्स्ट" करत जातात, त्यांच्या मशीनवर असलं काही येताच कामा नये.

कर्वेनगरची_मधुरा:
सगळ्यांचे मनापासून आभार! टाकला, वेळेशिवायच लावून दिलाय, "सोपा"वर. आई खुश आहे, गोळ्यांचे बॉम्ब नाहीत म्हणून एकदा कुरकुरली, पण मग गप्प बसून खेळत होती. बाबांना एनपी-हार्डचं वाचून दाखवलं तर आता ते पाठीमागे खुर्ची टाकून "ती खालची घे, ती खालची" करतात, आईने दोनदा त्यांना उठवलं. एक अडचण आहे, हिरे तिला जरा लहान दिसतात आणि दोन रंग तिला सारखेच वाटतात. काही करता येईल का?

धायरीचा_दादा:
दोन्हीवर उपाय आहे. खिडकी मॅक्सिमाइज करा, पट खिडकीबरोबर मोठा होतो आणि हिरे फाटत नाहीत, कारण चित्रं व्हेक्टरमधली आहेत, म्हणजे कितीही मोठी केली तरी रेषा स्वच्छ राहतात. रंगांसाठी सेटिंग्जमधून थीम बदला, त्यात प्राण्यांच्या चेहऱ्यांची एक आहे, ती लावली की रंगावर अवलंबून राहावं लागत नाही, चेहऱ्यावरूनच ओळखू येतं. आणि माऊस ओढत न्यायचा त्रास होत असेल तर एका हिऱ्यावर क्लिक, मग शेजारच्यावर क्लिक, तसंही चालतं.