एसी लावला की ताजी हवा बंद, हे किती दिवस चालवायचं?

खेळती_हवा
वर्ग, कार्यालय, बैठकीची खोली, कुठेही जा, एसी सुरू आणि खिडक्या घट्ट बंद. गार वाटतं म्हणून हवा चांगली, असा पक्का समज आहे. पण भिंतीवरचा साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच ओढतो, गार करतो आणि परत सोडतो. फ्लू किंवा क्षय झालेल्या माणसाच्या श्वासातले बारीक कण त्याच हवेत साचत जातात.

जानेवारी २०२० मध्ये चीनमधल्या ग्वांगझू शहरातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जवळजवळच्या तीन टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतले १० जण कोविडबाधित निघाले. एसी चालू, एक्झॉस्ट पंखे बंद. नंतर मोजलं तेव्हा बाहेरची हवा माणशी सेकंदाला जेमतेम १ लिटर मिळत होती. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये घरं सोडून इतर इमारतींसाठी सुचवलेलं प्रमाण आहे १० लिटर. माणसं जमतात तिथे ताज्या हवेची सोय सक्तीची करा, एवढंच माझं म्हणणं.

सावली
सक्तीला माझा ठाम विरोध. खिडकी उघडली की आत काय येतं? उष्णता, धूळ, धूर. उष्माघाताने माणसं मरतात, दमेकऱ्यांना धुराचा त्रास होतो, तेही आरोग्यच आहे ना? शिवाय दोष एसीचा नाहीच. मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या स्कॅजिट व्हॅलीत गायकवृंदाच्या तालमीला ६१ जण आले आणि ५३ आजारी पडले. थंडीचे दिवस, एसीचा संबंधच नाही. अडीच तास दाटीवाटीने गाणं, हे खरं कारण.

खेळती_हवा
त्या सभागृहाची दारं बंद होती. दाटी आणि बंद दारं एकत्र आली म्हणून तर एवढे आजारी पडले. १९७७ मध्ये अलास्कात एक विमान बिघडून सुमारे तीन तास धावपट्टीवर थांबलं, वायुवीजन बंद. आत ५४ जण होते, एकाला फ्लू. तीन दिवसांत ७२ टक्के लोक आजारी.

डक्टवाला
या कामातला आहे, म्हणून लिहितो. सेंट्रल एसीला बाहेरची हवा घेणारा डॅम्पर, म्हणजे उघडझाप होणारी झडप, असतो. वीज वाचवायला तोच बंद करून ठेवलेला असतो, आणि हे वापरणाऱ्यांना कळतही नाही. स्प्लिट असेल तर एक्झॉस्ट पंखा लावा, पण समोरच्या बाजूने हवा आत यायला फट ठेवा. सगळं सीलबंद असेल तर पंखा नुसता फिरतो. कार्बन डायऑक्साइडचा मीटर ठेवा; तो आपल्या श्वासातून बाहेर पडतो, म्हणून हवा बदलली नाही की साचतो. बाहेर साधारण ४२० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग) असतो. आत सतत हजाराच्या वर राहिला तर हवा बदलत नाही असं धरा. बाहेर धूर असेल तर आत येणाऱ्या हवेला फिल्टर लावता येतो, त्यासाठी खिडकीच उघडायला हवी असं नाही.

सावली
मग खोलीतच हेपा फिल्टरचं, म्हणजे अगदी बारीक कण गाळणारं, यंत्र ठेवा की! ०.३ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ९९.९७ टक्के कण अडतात. मीटर तरीही जास्तच दाखवेल, कारण वायू फिल्टरमध्ये अडकत नाही. म्हणजे धोका कमी आणि आकडा वाईट. अशा आकड्यावर नियम बेतणार?

डक्टवाला
मुद्दा रास्त आहे. पण खोलीच्या मानाने यंत्र लहान घेतात, आणि आवाज होतो म्हणून सर्वांत कमी वेगावर चालवतात. हे रोज बघतो.

रात्रपाळी
मी क्षयरुग्णांची शुश्रूषा करते. मला वॉर्डापेक्षा बाहेरच्या प्रतीक्षाकक्षाची भीती वाटते. निदान व्हायच्या आधीचे, औषध सुरू न झालेले रुग्ण तिथे खोकत बसतात, शेजारी लहान मुलं. पेरूमधल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांचा २००७ चा अभ्यास आहे: दारं-खिडक्या उघडल्यावर तासाला साधारण २८ वेळा हवा बदलली, यंत्राने हवा खेळवलेल्या खोल्यांत १२ वेळा धरली होती. उंच छताच्या जुन्या इमारती सर्वांत चांगल्या निघाल्या. आणि आपण जुने झरोके बुजवून एसी बसवतो.

सावली
रुग्णालयांना सक्ती करा, हरकत नाही. पण प्रत्येक शाळेवर हा खर्च लादू नका.

खेळती_हवा
शाळा वगळायला मी तयार नाही. १९७४ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या एका शाळेत गोवर झालेल्या एका मुलीपासून २८ मुलांना लागण झाली, तीही १४ वेगवेगळ्या वर्गांत. त्यातली बरीच मुलं तिच्यासोबत एका खोलीत कधी बसलीच नव्हती. वर्गावर्गांतली हवा एकाच यंत्रणेतून पुन्हा पुन्हा फिरत होती.